टकळी रंकाळ्यावर कशासाठी?

कोल्हापुरात दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी नव्या उत्साहानं सुचवतं की रंकाळ्यावर, नाहीतर भवानी मंडपात, कारागिरांना बसवा. लोकांसमोर काम करू द्या. तरुण पोरं बघतील, त्यांना गोडी लागेल, कला टिकेल. सूचना इतकी गोड आहे की तिला कुणी हरकत घेत नाही. पण या गावात हस्तकला चार भिंतींआड होती तरी कधी?

गंगावेशीत, शाहूपुरीत, पापाच्या तिकटीला कुंभारांची घरं रस्त्यालाच लागून आहेत. आषाढ संपत आला की जाता-येता अर्धं गाव मूर्तींकडे बघत असतं. सुभाषनगरात पायताणं शिवणारी माणसं दारातच बसतात. आणि धनगर तर मेंढ्यांमागून चालता चालता लोकर कातत जायचा. त्याच्याइतकं उघड्यावरचं काम दुसरं कुठलं सांगा! नुसतं बघून गोडी लागत असती, तर अख्खं कोल्हापूर एव्हाना आरी आणि रापी घेऊन बसलं असतं. तसं झालं नाही. पोरांना काम दिसत होतं, अगदी रोज दिसत होतं. तरी ती इंजिनिअरिंगला गेली, पुण्याला गेली, आणि ज्यांच्या घरात हे काम होतं ती पोरं तर सगळ्यांत आधी गेली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

‘लोकांत बसून काम करा’ ही कल्पना आपल्याकडे आली ती बाहेरून. २००५ साली परदेशात सुयांवर विणणाऱ्यांनी वर्षातला एक दिवस ठरवला. त्या दिवशी बागेत, चौकात, स्टेशनवर बसून विणायचं. पुढं हे पुष्कळ देशांत पसरलं. तिथं त्याला कारण होतं. विणकाम म्हणजे घरातल्या आजीचं, दिवाणखान्यातलं, एकटीचं काम. ते बाहेर आणलं की विणणाऱ्या एकमेकींना सापडल्या, बघणाऱ्यालाही कळलं की यात तरुण मुली आहेत, पुरुष आहेत. काम झाकलेलं होतं, ते त्यांनी उघड्यावर आणलं.

आपलं दुखणं निराळं आहे. इथं काम उघड्यावरच होतं, पण ते ‘त्यांचं’ होतं. मडकं कुंभाराचं, पायताण चांभाराचं, सूप बुरुडाचं, घोंगडं सणगराचं आणि लोकर धनगराची. बघणारा थांबायचा, भाव करायचा, वस्तू काखोटीला मारून घरी जायचा. हे आपणही करून बघावं असं त्याच्या मनाला शिवायचं नाही, कारण ते त्याच्या जातीचं काम नव्हतं. समोर घडत असलेल्या कामाभोवती जातीनं घातलेली ही काच आपल्याला दिसत नाही, आणि ‘लाइव्ह डेमो’ मांडणाऱ्यांना तर मुळीच दिसत नाही. ते मंडप घालतात, मागं फ्लेक्स लावतात, कारागिराच्या डोक्याला फेटा बांधतात, म्हणजे होती ती काच आणखी पुसून लख्ख करतात. लोक फोटो काढतात. संध्याकाळी कारागीर सामान बांधून घरी जातो. त्याच्या मुलानं हे सगळं पाहिलेलं असतं. आपला बाप लोकांनी बघायची वस्तू झाला, हे त्याला कसं वाटत असेल याचा विचार संयोजनाच्या बैठकीत होत असेल असं मला वाटत नाही.

कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम पुष्कळांनी पाहिलेलं आहे. बलुतेदार-अलुतेदारांचं जुनं गाव माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांतून तिथं उभं केलंय. काम सुरेख आहे. सहलीला आलेली पोरं रमतात, शहरातल्या मुलाला चाक कसं असतं, भाता कसा असतो ते कळतं. पुतळ्यांकडून याहून जास्तीची अपेक्षा कुणी करू नये. अडचण येते ती जिवंत माणसाला आपण त्याच रांगेत नेऊन बसवतो तेव्हा.

लोकांसमोर एखादी गोष्ट करण्यात किती ताकद असते, हे कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही. गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी चहाचं दुकान काढून दिलं ते भाऊसिंगजी रोडला, भर वस्तीत. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण येईनात. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायला लागले, सोबतच्या मंडळींनाही प्यावा लागला. आता चहात काय विशेष होतं? चहा कुणाच्याही घरचा असतो तसाच. गंगाराम तिथं बसले आहेत एवढं लोकांना नुसतं दिसून काहीच हललं नव्हतं. तो चहा कोण पितंय आणि कुठं उभं राहून पितंय, यानं हललं.

म्हणून माझं म्हणणं आहे की रंकाळ्यावर बसायचंच असेल तर आधी आपण बसावं. ज्यांच्या घरात ते काम कधी नव्हतं त्यांनी. बँकेतल्या कारकुनानं, शाळेतल्या बाईंनी, क्लासला जाणाऱ्या पोरानं. आणि कारागिराला आणायचं ते शिकवणारा म्हणून, मानधन देऊन. तालमीत बघे पुष्कळ येतात. पण वस्तादानं एखाद्याला ‘नुसता काय बघतोस, कपडे काढ, उतर मातीत’ म्हटलं की त्या दिवसापासून तो बघ्या राहत नाही. कोल्हापूरची कुस्ती पेठापेठांत मुरली ती अशी उतरवून. कातणं, विणणं, वळणं यांच्या वाट्याला असा वस्ताद आला नाही आणि अशी मातीही आली नाही.

मी स्वतः लोकर कातते. धनगराच्या घरातली नाही, सणगराच्याही नाही. सवड मिळेल तशी रंकाळ्याच्या कट्ट्यावर टकळी घेऊन बसते. दख्खनी मेंढीची काळी लोकर दुकानातल्या गोळ्यासारखी मऊ नसते; पिंजल्यावरही तिच्यात एखादं कुसळ, एखादा गोखरू राहतो आणि तो बरोबर बोटात घुसतो. तिला तेलकटपणा असतो, मेंढीचा वास असतो, हात धुतला तरी तो जात नाही. पेळूचं, म्हणजे पिंजलेल्या लोकरीच्या वळीचं, टोक टकळीच्या सुताला लावायचं, टकळीला फिरकी द्यायची आणि पीळ वर चढत असताना वरच्या बोटांनी लोकर सोडत जायची. सगळी मेख या सोडण्यात आहे. कमी सोडली तर सूत दोरीसारखं कडक होतं, जास्त सोडली तर मध्येच जाड गोळा येतो, गोळ्याच्या पुढचं सूत बारीक पडतं आणि टकळी खाली आदळते. कट्ट्यावर ती टण्णकन आपटली की दहा माणसं वळून बघतात. जाहिरात म्हणाल तर ती एवढीच.

मग विचारणा सुरू होते. “काय कराय लागलाय ओ?” हा ठरलेला पहिला प्रश्न. “किती मिळतात ह्याचे?” हा दुसरा. रील काढणारे येतात आणि जातात, त्यांचं काही नाही. मला मोलाचा वाटतो तो तिसरा प्रश्न, तो बहुतेक वेळा एखादे वयस्क गृहस्थ विचारतात: “बाई, हे तर धनगराचं काम. तुम्ही कशाला करताय?” ही बघा ती काच, बोट ठेवून दाखवल्यासारखी. फेटा बांधून धनगर बसला असता तर हा प्रश्न कुणाच्या तोंडून निघालाच नसता.

एकदा राधानगरीकडच्या एक आजी शेजारी येऊन टेकल्या. बराच वेळ गप्प बसून बघत होत्या, मग त्यांना राहवेना. “वढू नगंस तिला. आण हिकडं.” टकळी त्यांनी मांडीवरून अशी काही फिरवली की सूत सरळ, एकसारखं उतरायला लागलं. लहानपणी गावातल्या सणगराकडं सूत घालायच्या, म्हणाल्या. सोबतची नात कॉलेजातली, ती तोंडाचा आ करून आजीकडं बघत राहिली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढं नातीनं टकळी मागून घेतली, दोन वीत सूत काढलं, तोडलं आणि पुन्हा जोडलं. मंडपात बसवलेल्या कारागिराच्या हातातून टकळी मागून घ्यायची छाती कुणाची होत नाही. माझ्यासारखीच्या हातात ती अडखळते, म्हणून लोकांना मागावीशी वाटते. शिकाऊ माणूस लोकांत बसण्याचा हा एक फायदा आहे, आणि तो कसबी माणसाकडून मिळत नाही.

आता यावर आक्षेप आहेत, आणि ते फालतू नाहीत. पहिला असा की पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हे केलं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि एका शिकलेल्या बाईनं टकळी हातात धरली की तिचं कौतुक. आक्षेप खरा आहे, अगदी शंभर टक्के. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या फॅशन कंपनीच्या रॅम्पवर आपली पायताणं ‘लेदर सँडल’ म्हणून चालली तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे चार-चार जिल्हे त्यात आहेत. ओरड झाली, मग कंपनीनं प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं कबूल केलं, पुढं दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. ठीक. पण त्या महिन्यात छाती पुढं काढून ‘आमची कोल्हापुरी’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी आरी हातात धरली होती? वेणी घालणाऱ्या बाईच्या दारात किती जण जाऊन आले होते? वस्तू आमची आणि काम त्यांचं, अशी वाटणी आपणही करतोच. मिलानवाल्यांनी ती जरा लांबून केली.

तेव्हा हौशी माणसाला मिळणारी शाबासकी ही फुकटची आहे, हे मान्य करून तिचं काय करायचं ते ठरवावं लागतं. तोंड लपवून घरी कातत बसलं तर सणगराचा काही फायदा होत नाही. कौतुक करणाऱ्याला तिथल्या तिथं सांगता आलं पाहिजे की लोकर कुणाची, पिंजली कुणी, शिकवलं कुणी, अस्सल घोंगडं कुठं मिळतं आणि ते महाग का पडतं. जो हौशी हे सांगत नाही तो नुसता मिरवतो. त्यानं खुशाल घरी बसावं.

दुसरा आक्षेप सक्तीची आठवण करून देतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांपुढं टकळी काढा, त्यांतले कितीतरी जण कपाळाला आठ्या घालतात; शाळेतला सूतकताईचा तास त्यांना आठवतो. याचा इतिहास इथून जवळच घडलाय. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनाचे. तिथं ठरलं की सभासदत्वासाठी वर्गणीऐवजी महिन्याला २००० वार सूत द्यायचं, स्वतः कातलेलं. मात्र आजारपण असेल किंवा इच्छाच नसेल तर दुसऱ्यानं कातलेलं चालेल, अशी पळवाटही त्याच ठरावात होती. व्हायचं तेच झालं. वर्ष पुरतं उलटलंही नव्हतं तेवढ्यात, १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याला, चार आणे किंवा सूत असा पर्याय ठेवावा लागला. त्याच बैठकीतून चरखा संघ निघाला, आणि खादी टिकली ती पुढं संघानं कातणाऱ्याला मजुरी देऊन माल विकला म्हणून.

पण त्या फसलेल्या नियमानं एक गोष्ट साधली होती, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. वकील, डॉक्टर, सावकार अशी माणसं चारचौघांत चरखा घेऊन बसली. ज्या कामाला गरीब बाईचं काम म्हणून कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, त्याला काही वर्षं तरी अब्रू आली. कोण बसलंय यानं फरक पडला, आणि मजुरी कोण देतंय यावर तो टिकला की नाही हे ठरलं. रंकाळ्यावरच्या कट्ट्यालाही हा हिशेब चुकत नाही.

मजुरीचा हिशेब लोकरीपुरता मांडला तर डोळे पांढरे होतात. मेंढीची लोकर कातरायला माणूस लावावा तर त्याची मजुरी लोकरीच्या भावातून निघत नाही, म्हणून कितीतरी मेंढपाळ कातरलेली लोकर तशीच टाकून देतात. मटणाला भाव आहे, तेव्हा कळपात माडग्याळ मेंढी शिरली. जतकडची ही जात अंगानं थोराड, पण लोकरीला नावालाच. मेंढपाळाचं गणित बरोबर आहे, मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. पुढं सूत. एका मागाला लागेल एवढं सूत घालायला पुष्कळ हात बसावे लागतात, आणि कात्या बाया उठून गेल्या की सणगराचा माग आपोआप थांबतो. मग चिंचोक्याची खळ करा, ताण्याला पाजणी करा, खड्डामागात पाय सोडून बसा आणि पट्टी पट्टी विणा. एवढं करून घोंगडं बाजारात आलं की शेजारी पानिपतचं यंत्रावरचं ब्लँकेट पडलेलं असतं, मऊ, रंगीत आणि स्वस्त. १९८५ च्या कायद्यानं जे मोजके प्रकार हातमागासाठी राखून ठेवले त्यांत कांबळंही आहे. कायदा आहे, माग नाहीत. ज्या जिल्ह्यात इचलकरंजीला १९०४ पासून यंत्रमाग खडखडतोय तिथं हातानं कातायची भाषा करणं हे जरा हास्यास्पदच दिसतं, हे मलाही कळतं.

घोंगडं टोचतं, हाही नेहमीचा मुद्दा. टोचतं. ते उघड्या अंगाला लपेटायला कुणी विणलेलंच नव्हतं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पावसात रोपलावणीला वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर ते खोळ करून असायचं. तेलकट, दाट लोकरीवरून पाणी निथळून जायचं आणि आत ऊब राहायची. आता तिथं प्लॅस्टिकचा कागद आलाय, आणि त्या माणसाला घोंगडं घे म्हणून सांगायला मी जाणार नाही. पण बसायला, अंथरायला, भिंतीवर, पिशवीला, आणि थंडीत चादरीच्या वरून पांघरायला या लोकरीसारखी टिकाऊ चीज नाही. गिऱ्हाईक शहरात आहे. फक्त त्या गिऱ्हाइकाला चार इंच सूत काढायला काय पडतं हे बोटांना कळलेलं नसलं की तो घोंगड्याची किंमत ऐकून पानिपतकडे वळतो. ज्यानं एकदा टकळी आदळून घेतली आहे तो भाव करत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. लोकांत बसून कातण्याचा खरा उपयोग मला इथं दिसतो. त्यातून शेकड्यानं कातणारे तयार होणार नाहीत. योग्य दाम देणारे मात्र होतील.

शाडूच्या मूर्तींचं उदाहरण पोटात धीर देतं. हल्ली गणपतीच्या आधी शाळाशाळांत कार्यशाळा होतात. सगळ्या जातींची पोरं मातीत हात घालतात आणि घरी आपली वाकडीतिकडी मूर्ती बसवायचा हट्ट धरतात. कुंभारवाड्याचा धंदा यानं बुडाला नाही. उलट बोटं, डोळे, सोंडेचा पीळ जमवणं किती अवघड आहे हे कळलेली आई-बाप मंडळी शाडूच्या मूर्तीला जास्तीचे पैसे मोजायला कमी कुरकुरतात. ज्या कार्यशाळांत शिकवायला कुंभारालाच बोलावलं जातं आणि चित्रकलेच्या सरांइतकेच पैसे दिले जातात, त्या मला सगळ्यांत सरस वाटतात. दुर्दैवानं पुष्कळ ठिकाणी त्याला नारळ आणि शाल मिळते.

नारळ-शाल हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत स्वस्त व्यवहार आहे. सत्कार करा, पण ताशी दर ठरवून करा. कारागिरांचं भिजत पडलेलं घोंगडं त्याशिवाय वाळणार नाही.

आणि जागा? त्यासाठी नवा महोत्सव काढायची काही गरज नाही. दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्यानं सगळा माळ पिवळा होतो, खारीक-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते, महाराष्ट्र-कर्नाटकातला धनगर तिथं लोटतो. कोल्हापूरची शहरी मंडळी कॅमेरे घेऊन जातात, पिवळ्या गर्दीचे फोटो काढून दुपारी परत येतात. यंदा त्यांनी कॅमेऱ्याबरोबर पिशवी न्यावी. एखाद्या मेंढपाळाशी बोलून कच्ची काळी लोकर विकत घ्यावी, तो सांगेल त्या दरानं, घासाघीस न करता. पिंजायला आणि कातायला शिकवणारी एखादी आजी तिथंच विचारून ठेवावी, तिच्या येण्याजाण्याचं भाडं आणि दिवसाचे पैसे आधी बोलावेत. मग रंकाळ्यावर या. कट्टा मोठा आहे, आणि “हे तर धनगराचं काम” म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला मी एकटी पुरी पडत नाही.